दुपारचा प्रेक्षक

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

डीव्हीडी प्लेअर शेवटी गेला. ट्रे बाहेर येतो, आत जात नाही. चमच्याने ढकलला तर आत जातो, पण मग बाहेर येत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "भैया, अब इसको म्यूज़ियम में दे दो." म्हणजे पंचवीस वर्षं नागपूरला सीताबर्डीवर जाऊन-जाऊन आणलेल्या मराठी सिनेमांच्या एकशे चाळीस तबकड्या आता दाढी करायला आरसे म्हणून वापरायच्या. रायपुरात मराठी सिनेमा लागला तर लागला. म्हणून तर हा साठा केला होता.

तोडगा शिशिरने दिवाळीतच सांगून ठेवला होता. सगळ्या तबकड्या एका कम्प्युटरमध्ये उतरवायच्या, त्या कम्प्युटरला सर्व्हर करायचं, आणि मग टीव्हीवर रिमोटने हवा तो सिनेमा लावायचा. "और मैं भी पुणे से देख सकता हूँ, बाबा." हे शेवटचं ऐकून मी हो म्हटलं. पोट्टा चार दिवस घरी होता आणि चारही दिवस मांडीवरचा लॅपटॉप खाली ठेवला नाही. कंपनी पिळून घेते. मी बायकोला, सुनीतीला म्हटलं, "दिवाळीत तरी सोडायचं न त्याले." तिने त्याच्या बॅगेत चिवड्याचा अजून एक डबा कोंबला. स्टेशनवर त्याला सोडायलाही तीच गेली. मला उरल्याला, आमच्या वर्कशॉपवर, ट्रक भरायचा होता.

आज वर्कशॉपच्या ऑफिसातला जुना कम्प्युटर घरी आणला. चालू केला तर आतला पंखा घासत होता. सुनीती म्हणे, मले तर काही ऐकू येत नाही. उघडला तर आत पाल मेलेली. आमचं काम रोलिंग मिलचे रोल लेथवर कातून देण्याचं. टूलची धार गेली की मला आवाजावरून गेटपाशीच कळतं. हे यंत्र तर किस झाड की पत्ती.

५ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवसांत सव्वीस सिनेमे उतरवले. एकेकाला अर्धा तास लागतो. टीव्ही मात्र म्हणतो, सर्व्हर सापडला नाही. दोघांमध्ये अंतर दीड हात.

शिशिरला फोन लावला. सकाळचे अकरा, कामाच्या वेळी उचलणार नाही असं वाटलं होतं, पण पहिल्या रिंगला उचलला. पाऊण तास शांतपणे समजावलं. कम्प्युटर एका वायफायवर होता आणि टीव्ही दुसऱ्यावर. मीच दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करून घेतलं होतं, कोणी फुकटात घरचं वापरू नये म्हणून. टीव्ही इतके दिवस पाहुणा होता.

शिशिरच्या मागे ऑफिसचा आवाज नव्हता. छताचा पंखा होता, दर फेरीला एक कुई. कोणाचा तरी कुकर. मी म्हटलं, "घरून काम करून राहिला का?" म्हणाला, "हाँ, अभी घर से ही है." मी म्हटलं, पंख्याला तेल घाल.

९ नोव्हेंबर, रविवार

चालू झालं! रिमोट दाबला आणि टीव्हीवर सगळ्या सिनेमांची चित्रं ओळीने. मी नारळ फोडला. नवीन लेथ बसवली की फोडतोच, याने काय पाप केलं? सुनीतीने हळदकुंकू लावलं, आणि वर म्हणाली, "पाणी आत नका जाऊ देऊ, नाही तर आजच उद्घाटन अन् आजच तेरावं."

हा सर्व्हर प्रत्येक सिनेमाचं नाव आणि साल वाचतो आणि इंटरनेटवरून त्याचं चित्र शोधून लावतो. सिनेमांचं ठीक आहे. पण मी आमच्या लग्नाची कॅसेटही उतरवून घेतली होती, तिला नाव दिलं 'लग्न (१९९४)'. त्याने कुठल्या तरी परदेशी सिनेमाचं चित्र लावलं: काळा अंगरखा घातलेला माणूस, हातात कुऱ्हाड.

सुनीती बराच वेळ पाहत राहिली. "बरोबर ओळखलं त्याने," म्हणाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पुन्हा तेच. सर्व्हर सापडला नाही. शिशिरने फोनवर दोन प्रश्न विचारले आणि दुसऱ्यालाच मला पकडलं. "बाबा, रात को आप मेन स्विच गिरा देते हो क्या?"

पाडतोच. तीस वर्षं वर्कशॉपमधून निघताना मेन पाडून, हात लावून खात्री करून, मगच कुलूप. या कम्प्युटरचंही बटण झोपायच्या आधी पाडतो. आता कळलं की दर वेळी उठला की त्याला घरात नवा पत्ता मिळतो आणि टीव्ही बापडा जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतो. शिशिरने एकच पत्ता कायमचा बांधून दिला. तरी म्हणाला, "बंद मत करो ना. चलने दो."

मी म्हटलं, चालत्या मशीनला सोडून झोपणारा माणूस मी पाहिलाय, त्याला तीन बोटं आहेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

विचित्र प्रकार. काल झोपताना बटण पाडलं, सकाळी कम्प्युटर चालू. परवाही असंच. यात बहुतेक आपोआप उठायची सोय असावी. सुनीतीला विचारलं तर म्हणाली, "असंल. आजकाल सगळं आपोआपच होते." मग चहा गाळता गाळता, "अन् काहून बंद करता रोज? एका बल्बाएवढी तर वीज जाते. त्याले पाहू द्या न तिकडं."

आजकाल तिचं मन दिलदार झालंय. दुपारी तिच्या मैत्रिणीचा, क्षमाताईंचा फोन आला, गंधाली नावाच्या मुलीचं स्थळ आहे, भिलाईचे लोक, शिशिरसाठी चांगलं. सहा महिन्यांपूर्वी हीच सुनीती पत्रिका घेऊन माझ्यामागे वर्कशॉपपर्यंत आली होती. आज म्हणाली, "इतकी काय घाई आहे?" मला बरं वाटलं. बायका वयाप्रमाणे शांत होतात म्हणतात ते खरं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्व्हरचं एक पान असतं, ते फक्त मालकाला दिसतं. आज सापडलं. कम्प्युटर किती तापला, डिस्क किती भरली आणि या घटकेला कोण काय पाहतंय, सगळं त्यावर. सिनेमा किती पुढे गेलाय त्याची हिरवी पट्टीसुद्धा सरकताना दिसते. मला असली पाटी उरल्याला हवी, कोणती लेथ चालू आणि कोण तंबाखू मळतोय.

त्यावर शिशिरचं नाव होतं. सकाळचे अकरा चाळीस, एक जुना विनोदी सिनेमा, एक तास झालेला.

शुक्रवार सकाळ. मी घड्याळ पुन्हा पाहिलं. मग आठवलं, या कंपन्यांचं काम अमेरिकेच्या वेळेने चालतं. रात्री काम, दिवसा आराम. ठीक आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

हिशोब बसत नाही. अमेरिकेसाठी रात्री जागतो तर सकाळी झोपला पाहिजे. सोमवारी दहापासून दोन सिनेमे. काल तीन, तिसरा अर्ध्यावर सोडलेला. आज सकाळी नऊ वाजता मुंजीची कॅसेट, स्वतःचीच. ती पूर्ण पाहिली, दोन तास सहा मिनिटं. त्या मुंजीत पाहण्यासारखं काही नाही. निम्मा वेळ कॅमेरावाल्याने जेवणाच्या पंगतीच दाखवल्या आहेत, आणि माझ्या आईला, ती सगळ्यांना वाढताना.

हे मी पाहतो ते बरोबर नाही, हेही लिहून ठेवतो. मोठ्या माणसाच्या खोलीत डोकावणं झालं. पान बंद केलं. दुपारी पुन्हा उघडलं.

सुनीतीने आज त्याला पार्सल पाठवलं. डिंकाचे लाडू, वाळवणाची बिजौरी, तिखट, पोहे, तांदूळसुद्धा. मी म्हटलं, पुण्यात तांदूळ मिळत नाही का? म्हणाली, "दुबराज मिळते का तिथं?" तिचंही खरं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हरिदास माझा सर्वांत जुना टर्नर. एकवीस वर्षं माझ्याकडे आहे, मला नावाने हाक मारण्याचा हक्क त्याला आहे, पण तो भैयाच म्हणतो. जेवणाच्या सुट्टीत मी सहज म्हणून सर्व्हरची गंमत सांगत होतो. शिशिर पुण्याहून पाहतो, भर दुपारी पाहतो, तंत्र कुठल्या कुठे गेलं वगैरे.

हरिदास भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "मंझनिया बेरा फिलिम कोन देखथे, भैया? जेन बीमार हे, नइते जेन ठलहा हे."

मी त्याच्यावर ओरडलो. एकवीस वर्षांत दुसऱ्यांदा. म्हटलं, तू रोलचा व्यास बघ. तो "हव" म्हणून उठला आणि हात धुवायला गेला.

ठलहा. भर दुपारी सिनेमा पाहणारा आजारी तरी, नाही तर ठलहा; बिनकामाच्या माणसाला इथे हाच शब्द आहे, लहानपणापासून ऐकतोय. आज कानात अडकून बसला.

३० नोव्हेंबर, रविवार

फोन हातात घेतला आणि ठेवला. तीनदा. विचारायचं काय? "नोकरी गेली का रे?" असा प्रश्न बाप विचारतो तेव्हा उत्तर "नाही" हेच येतं. मला ठाऊक आहे. मी स्वतः ते उत्तर दिलेलं आहे.

सुनीतीला सांगावं का? नको. तिला धक्का बसेल. आधी खात्री होऊ दे.

मन असं आहे की एक विचार लगेच वर आला: आता उरल्याला येईल. हे लिहायची लाज वाटते, पण आला. पोराचं घर जळतंय आणि बाप शेकोटी पाहतोय. पाच वर्षांपूर्वी त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, मुझसे लोहा नहीं होगा." तेव्हा मी महिनाभर बोललो नव्हतो त्याच्याशी. म्हणूनच आता मला सांगत नसेल. नसेल काय, म्हणूनच.

४ डिसेंबर, गुरुवार

आज एक खटाटोप केला.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या लेथ बंद करायला लावल्या, ऑफिसचं दार लावलं, फोन रजिस्टरला टेकवून उभा केला आणि त्याच्यासमोर बोललो. शिशिरला पाठवायचं म्हणून. फोनवर सांगितलं असतं तर मध्येच तो "हाँ हाँ बाबा" म्हणाला असता. सिनेमा म्हटला की माणूस गप्प बसून ऐकतो.

जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. एक्क्याण्णव सालची गोष्ट. आम्ही पुरानी बस्तीत राहायचो, वडील नव्हते, आई शिवणकाम करायची. मी चोवीस वर्षांचा, एका कारखान्यात टर्नर. एक दिवस चौदा जणांना काढलं, त्यात मी. आईला सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखा डबा दिला, मी सायकलवर टांग टाकली. बुढा तालाब घराजवळ, तिथे कोणी पाहील म्हणून पार तेलीबांधा तलावावर गेलो. तेव्हा ते गावाबाहेर होतं. काठावर बसलो, डबा खाल्ला, संध्याकाळी परत. आईने विचारलं, "कसं चाललंय काम?" म्हटलं, "चांगलं." असे एकेचाळीस दिवस.

बेचाळिसाव्या दिवशी आईने डबा दिला, मशीनवरची मान वर न करता म्हणाली, "तेलीबांध्याले सावली नाही म्हणतात. टोपी घालून जात जा."

एवढंच सांगितलं. पुढे मी कसा उभा राहिलो, वर्कशॉप कसं काढलं, ते सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं. ते त्याने शंभर वेळा ऐकलंय.

नंतर पाहिलं तर व्हिडिओ अकरा मिनिटांचा. गोष्ट साडेनऊ मिनिटांतच संपते. उरलेलं दीड मिनिट मी फोन बंद करायचं बटण शोधतोय, नाक अगदी कॅमेऱ्यापाशी. कापायचं कसं ते येत नाही. राहू दे.

६ डिसेंबर, शनिवार

सर्व्हरमध्ये टाकला. नाव 'डबा (१९९१)'. चित्र आलं: घोड्यावर बसलेली एक सोनेरी केसांची मुलगी. काढता काढता थकलो. नवीन आलेल्या सिनेमांच्या ओळीत पहिलाच.

आता दोन शंका. एक, त्याची नोकरी शाबूत असेल तर बाप म्हातारा झाला, असं म्हणेल. दोन, गेली असेल आणि त्याला वाटलं की बापाने पकडलं, तर तो हा सर्व्हरही उघडायचा नाही. आज तेवढीच एक खिडकी आहे आमच्यात. ती मीच बंद केली असेल तर?

काढून टाकायला दोनदा बसलो. दुसऱ्यांदा सुनीती मागे येऊन उभी राहिली. घोड्यावरच्या मुलीकडे पाहिलं. "हा कोणता?"

"नवीन आहे."

"राहू द्या मग," म्हणाली.

७ डिसेंबर, रविवार, दुपार

दोन वाजून दहा मिनिटं. त्याचं नाव आलं. आधी दुसरा सिनेमा लावला, चार मिनिटांत बंद. मग 'डबा'.

पट्टी सरकतेय. मी पान उघडं ठेवून लिहितोय. एक डोळा पट्टीवर आहे, अक्षर वाईट येतंय.

तीन मिनिटं. पाच. आठ.

नऊ मिनिटं चाळीस सेकंदांवर थांबली.

सर्व्हर बिघडला की काय म्हणून कम्प्युटरला कान लावला. नीट चालतोय. त्यानेच थांबवलंय.

दहा मिनिटं झाली. पट्टी तिथेच. सुनीती आत भाजी निवडतेय, तिला सांगावंसं वाटतं पण काय सांगू, पट्टी थांबली म्हणून?

वीस मिनिटं.

सुरू झाली. शेवटपर्यंत गेली. म्हणजे माझं नाकही पाहिलं.

*संध्याकाळी.* फोन आला. तो नेहमी आईच्या फोनवर करतो, आज माझ्या. मागे तीच पंख्याची कुई ऐकू येत होती. मग बोलला, आणि मराठीत बोलला. माझ्याशी मराठीत तो सातवी-आठवीनंतर बोललेला मला आठवत नाही.

"बाबा, आजीले कसं कळलं होतं?"

"मले माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही."

"सप्टेंबरपासून, बाबा."

"हं."

"पूरी टीम निकाल दी. मुझे लगा, दिवाली तक कुछ मिल जाएगा. इतने इंटरव्यू दिए…"

"जेवलास का?"

तो हसला की रडला, मला नक्की कळलं नाही. एवढा आवाज ओळखणारा मी, पण हे दोन आवाज फार जवळचे असतात. म्हणाला, "लाडू खाल्ले."

मग म्हणाला, "कुछ दिन आ जाऊँ?"

"घरी यायले परवानगी काहून मागतो? मी काही गेटवरचा चौकीदार आहे का?"

"उरला नहीं आऊँगा पर."

"तुले बोलावलं कोणी? तिथं येणारा माणूस कामाचा लागतो."

आता मात्र हसला. गुरुवारची पुण्याची गाडी, शुक्रवारी दुपारी पोचतो. फोन ठेवता ठेवता मी म्हटलं, आईला सांगितलंस? तो जरा अडखळला. म्हणाला, "आप ही बता दो ना." बिचारा. आईसमोर कमी पडायची लाज. मी म्हटलं, सांगतो, व्यवस्थित सांगतो, तू काळजी करू नको.

८ डिसेंबर, सोमवार

सुनीतीला सांगितलं. काल रात्रभर शब्द जुळवत होतो. तिचं बीपी आहे, म्हणून सकाळची गोळी घेईपर्यंत थांबलो. मग तिला खुर्चीवर बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला, समोर स्टूल घेतला.

म्हटलं, "ऐक, घाबरू नको. आपल्या शिशिरची नोकरी गेली. सप्टेंबरातच गेली. आपल्याले दुःख होईल म्हणून बोलला नाही. पण पोट्टा ठीक आहे. मी बोललो त्याच्याशी."

ती माझ्याकडे पाहत राहिली. पाणी प्यायली, सगळं. डोळे भरले होते, पण रडली नाही. पदराने पेला पुसून बाजूला ठेवला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बोलले न दोघं? बस. मले तेवढंच पाहिजे होतं."

फार खंबीर बाई. एवढी मोठी बातमी आणि आवाज कुठे चिरकला नाही. लगेच उठून वरच्या खोलीची गादी उन्हात टाकायला निघाली. जिन्यावरून विचारलं, "शुक्रवारी मी पण येते स्टेशनवर. गाडी दोनलाच पोचते न?" मी म्हटलं, "हो, दोनला." गादी झटकल्याचा आवाज वरून येत होता, एकेक ठोका नीट, सावकाश.

हे लिहिता लिहिता पेन थांबलं. मी तिला फक्त नोकरीचं सांगितलं होतं. तो येतोय हे सांगायचं तर अजून बाकीच होतं.